अकरा किलो

"बाळा, हलू नकोस. आकडा नाचतो," अप्पा म्हणाले.

नलू मिरचीच्या काट्यावर गाल फुगवून उभी राहिली. साडेचार वर्षांची, मुठी आवळलेल्या, श्वास रोखलेला.

"पंधरा किलो दोनशे. वाढली की गो!" अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि आपल्या मसाल्याच्या दुकानाच्या लाकडी फळीवर आकडा लिहिला.

लालबागच्या त्या गल्लीत एप्रिलमध्ये श्वास घ्यायचा म्हणजे धाडसच. बेडगी, काश्मिरी, पांडी मिरच्यांच्या राशी, मागे कुटायच्या मशीनचा धडधडाट. येणारा प्रत्येक माणूस शिंकत येतो आणि डोळे पुसत जातो. नलूचा बाप मयूर याच गल्लीमागच्या चाळीत लहानाचा मोठा झालेला. गिरणी होती त्या जागी आता टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरच्या लिफ्ट दुरुस्त करायला मयूर जातो. रात्री दोनला फोन आला तरी जावं लागतं.

फळीवर जुने आकडे होते. तीन रकाने. न, म, अ. नलू, मयूर, अनुजा.

हा अनुजाचाच नाद. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे उतरायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत सुटायचं ते थेट कुणकेश्वरला, तिच्या आईच्या दारात. एका दमात नाही, मिळेल त्या सुट्टीत दहा-दहा दिवस. जिथे थांबलो तिथूनच पुढे. पहिल्यांदा निघाले तेव्हा नलू चौदा महिन्यांची होती. मयूरच्या पाठीवर पोरगी बसवायची पिशवी, खाली थोडं सामान. बाकी तंबू, कपडे अनुजाच्या सॅकमध्ये. चाळीतले म्हणायचे, पैसे नाहीत का रे एसटीला? अनुजा हसायची. "एसटीने गेलं की फक्त पोचतो हो."

निघायच्या आदल्या दिवशी सगळं या काट्यावर चढायचं. अनुजाचं सिझर झालेलं. मयूरने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. "लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं ना, अमुक किलो, तसा तुझा लोड अकरा. वर एक ग्रॅम नाही."

"हो साहेब," अनुजा म्हणायची.

'अ' खाली तिन्ही वेळा अकराच होते.

नोव्हेंबरात तिसऱ्यांदा जाऊन आले आणि तिसऱ्या दिवशी अनुजाला ताप चढला. डेंग्यू. आठवड्यात सगळं संपलं. तिची सॅक खिळ्याला अडकवलेली ती तशीच राहिली. घरी आल्यावर बॅगा उपसायचं काम तिचं होतं. भरायचंही तिचंच. मयूरचं काम फक्त उचलायचं.

आता जूनपासून नलू कुणकेश्वरला आजीकडे राहणार होती. तिथल्याच बालवाडीत. मयूरची आई गुडघ्यांनी बसलेली, आणि याच्या फोनचा भरवसा नाही. दुसरा इलाजच नव्हता. पण मयूरने एक ठरवलं होतं, एसटीत बसवून सोडायची नाही. जैतापूरपासून चार दिवसांची चाल उरली होती. ती चालून सोडायची. अनुजाचं तेवढं तरी पुरं करायचं.

आई सकाळीच कडाडली होती. "एवढ्याशा चेडवाक घेऊन चालत जातलस? ह्या उन्हात? खुळावलस की काय? आधी दोघा होतात."

आधी दोघं होतो. म्हणून तर काट्यावर आला होता. दोघांचं ओझं एकट्याच्या पाठीवर बसतं का, ते बघायला. पस्तीसच्या आत आलं तर जायचं. नाहीतर एसटी.

"ठेव तिची," अप्पा म्हणाले. आवाज उगाच बारीक केला त्यांनी.

मयूरने सॅक ठेवली.

सोळा किलो चारशे.

"काटा चुकतोय, अप्पा."

"माझा काटा? सीझनला टनाने मिरची तोलतो यावर. परत ठेव."

परत सोळा चारशे.

"ओली असेल. तंबू ओलाच भरला होता तिने."

"पाच महिन्यांनी? येडा की काय तू?"

मयूरने पहिल्यांदा त्या सॅकचा बंद सोडला. कोंदट वास आला. खोबरेल, वाळू आणि बुरशी. वरती तंबूच्या काठ्या. त्या त्याच्याकडे असायच्या. त्याखाली स्टोव्ह. हा त्याच्याकडे. पितळी पातेलं, आईने दिलेलं, जडशीळ. हे पण त्याच्याकडे. त्याची बॅटरी, त्याचा जाडा टॉवेल, दोन लिटरची त्याची पाण्याची बाटली, अजून अर्धी भरलेली.

तो एकेक वस्तू मिरचीच्या पोत्यावर मांडत गेला. अप्पा बघत राहिले.

"आई सकाळी काढायची तुझ्या पिशवीतून," नलू म्हणाली. ती वेलची चघळत होती. "तू पाणी आणायला जायचास ना, तेव्हा."

"काय काढायची?"

"हेच सगळं. म्हणायची, बाबाचा गुडघा दुखतो, तो सांगत नाही. आपण पण सांगायचं नाही." मग एकदम तोंडावर हात ठेवला तिने. "सांगितलं मी."

मयूरचा गुडघा. लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता त्याला चार वर्षं झाली. त्याने कधी कोणाला दाखवला नव्हता. मुक्कामावर पोचलं की तो नलूला घेऊन पाण्यात जायचा. परत येईपर्यंत तंबू उभा, स्टोव्ह पेटलेला. सामान कोणाच्या पाठीवरून उतरलं, हे बघायला तो तिथे कधी नव्हताच.

त्याला जैतापूरची खाडी आठवली. समोर होडी सुटत होती आणि अनुजा लांब मागे, वाकून लेस बांधत होती. दिवसभरात दहाव्यांदा. तो ओरडला होता, "लेस आहे की रबर? अकरा किलोत दमलीस?" ती नुसती हसली. होडी गेली. दिवस गेला, सुट्टी संपली. तिथूनच एसटी पकडून परत आले. येताना अख्ख्या वाटेत तो तिच्याशी बोलला नाही. "तुझ्यामुळे राहिलं," एवढं मात्र बोलला होता.

ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी जाऊ की."

गल्लीत सगळ्यांचेच डोळे वाहत असतात. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. अप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोंड फिरवून एका गिऱ्हाइकाला धण्याचा भाव सांगू लागले.

गिऱ्हाईक गेल्यावर अप्पांनी पेन्सिल घेतली. नोव्हेंबरच्या ओळीत 'अ'खालच्या आकड्यावर टोक टेकवलं. "दुरुस्त करतो. इथे अकरा भरले, वाटेत सोळा. माझ्या फळीवर खोटा आकडा नको."

"राहू दे, अप्पा."

"अरे पण—"

"अकराच राहू दे. तिने तसं लिहून घेतलं ना तुमच्याकडून. राहू दे."

अप्पांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मग सगळं एकत्र तोललं. नलू, तंबू, स्टोव्ह, पाणी. सदतीस.

"नाय होणार रे एकट्याला," अप्पा म्हणाले.

"नाही होणार," मयूर म्हणाला.

नलू बापाकडे बघत होती. "म्हणजे एसटी?"

त्याने सगळं सामान परत अनुजाच्या सॅकमध्ये भरलं, जसं होतं तसं. जड पातेलंसुद्धा. पट्टे तिच्या मापाचे होते, खांद्यात रुतले. त्याने ते मोठे केले नाहीत. नलूची रिकामी पिशवी हातात घेतली. अप्पांना हात केला आणि निघाला.

चाळीचे चार मजले. नलू पुढे उड्या मारत. पहिल्या मजल्यापर्यंत ठीक. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यात कळ आली आणि पाठीतून घाम फुटला. याच वळणावर अनुजा थांबायची. प्रत्येक परतीला. कठड्याला टेकायची, खाली बसायची. आणि तो वरून ओरडायचा, "काय झालं आता?"

"लेस," ती खालून म्हणायची.

मयूर थांबला. कठड्याला हात टेकला.

वरच्या पायऱ्यांवरून नलू वाकून बघत होती. "बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. आपण चालतच जाऊ. चारच्या जागी आठ दिवस लागू देत. पातेलं नको, स्टोव्ह नको, लोकांकडे जेवू. तू पण थोडं चालशील ना?"

"चालेन. मध्ये मध्ये थांबायचं?"

"थांबायचं."

"आणि मग तू परत येणार? एकटा?"

मयूर खाली वाकला. त्याची लेस नीट बांधलेली होती, दुहेरी गाठ. त्याने ती सोडली, आणि मान वर न करता हळूहळू परत बांधायला लागला.