खुराड्यातली डोणी

मित्रांनो, मी कोंबड्यांना पाणी ठेवण्याची जुनी दगडी डोणी आहे. लांबी दोन वीत, रुंदी एक वीत, खोली चार बोटे. वेल्ह्याच्या डोंगरात काळा दगड भरपूर आहे. कानंद नदीकाठच्या एका पाथरवटाने तीन दिवस छिन्नी चालवून मला घडवले. मला सांगायचे आहे ते आनंदाचे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चिमाजींनी मला घरी नेले ते साल एकोणीसशे तेहतीस. त्याच आठवड्यात घारीने त्यांच्या अंगणातून दोन पिले उचलली होती. पिले उघड्यावर पाणी प्यायला येतात आणि घार तिथेच टपते, हे त्यांनी नीट पाहिले होते. म्हणून गोठ्याला लागून असलेल्या खुराड्यात, अगदी आत, त्यांनी मला काठापर्यंत पुरून बसवले. त्यांच्या पत्नी अंबूबाई यांनी मला हळदकुंकू वाहिले. जाते असो, उखळ असो की उंबरा, एकदा हळदकुंकू वाहून बसवलेला दगड आमच्याकडे हलवीत नाहीत.

चिमाजींनी घारीचा विचार केला. माझ्या डोक्यावर काय आहे, याचा केला नाही. माझ्या बरोबर वर बांबूची आडवी काठी होती. दिवस मावळला की सात कोंबड्या तिच्यावर ओळीने बसत आणि उजाडेपर्यंत त्यांची विष्ठा माझ्यात पडत राही. कोंडा आणि कण्याही माझ्या शेजारीच टाकत. कोंबडी दाणे टिपताना पायाने उकरते. त्यामुळे माती, कोंडा, घाण, सगळे पाण्यात येई. दुपारपर्यंत पाण्याला आंबूस वास सुटे. माझ्या भोवतीची जमीन कधी वाळतच नसे. मोठ्या कोंबड्या हे सोसत. पिले सोसत नसत.

दुसऱ्या वर्षी चिमाजींचा मुलगा ज्ञानू याचे लग्न झाले. कामथडीची पारूबाई सून म्हणून आली आणि कोंबड्यांचे काम तिच्याकडे गेले. पहिल्याच सकाळी तिने माझ्यात वाकून पाहिले, जुने पाणी उपसले आणि पेंढ्याच्या बोळ्याने मला घासले. तोवर मला कोणी घासले नव्हते. तिच्या माहेरी पाणी शेवग्याखाली असे आणि दाणे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून तिने सासूला सांगितले.

"आत्याबाई, डोणी भाईर काढली तर? वरनं समदी घाण पाण्यात पडतीया."

अंबूबाईंनी ते ओसरीवर पोहोचवले. चिमाजी आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तिला म्हनावं, बसवलेला दगुड हाय त्यो. आज डोणी उचला म्हनती, उद्या जातं उचला म्हनंल, परवा म्हातारा-म्हातारीला उचला म्हनंल."

ओसरीवर बसलेले शेजारी हसले.

पारूबाईने मग एक खापर अंगणात ठेवून पाहिले. चौथ्या दिवशी घारीने तिथून पिलू नेले. चूक तिचीही होती. पाणी बाहेर हवे, पण आडोशाखाली. अंबूबाईंनी खापर फोडले आणि त्यानंतर घरात तिचे कोणी ऐकून घेतले नाही.

लग्नाला तीन वर्षे झाली तरी मूल नव्हते. अंबूबाईंनी मेंगाईला नवस बोलला आणि श्रावणातल्या अकरा पिलांपैकी एक तांबडे पिलू देवीच्या नावाने राखले. पिले महिन्याची झाली आणि पंख पाडून कोपऱ्यात उभी राहू लागली. विष्ठेत रक्त दिसू लागले. पाच दिवसांत नऊ मेली. देवीचे पिलू तिसऱ्याच दिवशी.

"देवीनं तोंडावर न्हाई म्हनलं," अंबूबाई म्हणाल्या. "हिचा पायच पांढरा."

चिमाजींनी निवाडा केला. पुढची पिले जगली तर सून राहील, नाहीतर माहेरी जाईल. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली गेली. एका बाईचे घर त्या बारा अंड्यांवर ठरणार होते, आणि त्यांतून निघणारी पिले माझ्यातलेच पाणी पिणार होती.

ती मला दिवसातून तीनदा घासू लागली. संध्याकाळी माझ्यावर सूप पालथे घालू लागली, तर सूप नासले म्हणून बोलणी खाल्ली. शेवटी तिने ज्ञानूला गळ घातली. एका सकाळी तो पहार घेऊन आला. पहिल्याच घावाला माझ्या काठाचा टवका उडाला. तेवढ्यात चिमाजी खुराड्याच्या दाराशी आले.

"ठिव खाली," ते म्हणाले.

ज्ञानूने पहार ठेवली. वडील गेल्यावर पारूबाई त्याला म्हणाली, "आवो, पिलं मरतील ही."

"आबा न्हाई म्हनत्यात," तो म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

बाराही अंड्यांतून पिले निघाली आणि कार्तिकात त्यांतली दहा मेली. मार्गशीर्षात ज्ञानूच तिला कामथडीला पोहोचवून आला. निघण्याआधी तिने मला घासून भरले होते.

आता पाणी भरणे अंबूबाईंकडे आले. खुराड्याचे दार कमरेएवढे. पंधरा दिवसांत त्यांची कंबर धरली. "मला न्हाई वाकवत, डोणी काढा भाईर," त्या म्हणाल्या. आणि चिमाजींनी मला बाहेर काढले. नारळ फोडला, मला हात जोडले आणि करवंदीच्या जाळीखाली, अंबूबाईंना फार वाकावे लागू नये म्हणून, दोन दगडांवर ठेवले. माझा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला. दाणे अंबूबाई ओसरीसमोर टाकू लागल्या, कारण तिथवर चालणे कमी होते.

माघात तेरा पिले निघाली. बारा वाढली. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा असेल, पण रक्त मी पुन्हा पाहिले नाही.

"ती गेली आन घर निवळलं," अंबूबाई शेजारणीला म्हणाल्या. ज्ञानू तेव्हा माझ्यात पाणी ओतत होता. काठावरून सांडू लागले तरी ओतत राहिला. वैशाखात त्याचे दुसरे लग्न झाले.

मित्रांनो, तुमच्याकडे कोंबड्या असतील तर पाणी बसायच्या काठीखाली ठेवू नका. सावलीत, घारीला दिसणार नाही अशा आडोशाला, पाठीच्या उंचीवर ठेवा. दाणे पाण्यापासून लांब, कोरड्या जागी टाका. भांडे रोज घासा. एवढे करूनही पिले मेली, तर आधी भांड्यात वाकून पाहा. माणसाकडे बोट त्यानंतर दाखवा.