कार्डाची मागची बाजू

मी एक जुना फिल्मवाचक आहे, मित्रांनो. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. पूर्वी जीर्ण सरकारी कागदांचे फोटो लांबलचक फिल्मवर काढून ठेवत. फिल्मचं रीळ माझ्या पोटात घालायचं आणि हाताने मूठ फिरवायची, की माझ्या दिव्याच्या उजेडात एकेक कागद मोठा होऊन पडद्यावर उमटायचा. अक्षरं माझी नव्हती. उजेड तेवढा माझा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला ओक्लाहोमात आणलं, किआमिची नदीकाठच्या एका लहानशा गावच्या वाचनालयात. हा चॉक्टॉ या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचा मुलूख. इथे नवा माणूस भेटला की ‘कसे आहात?’च्या आधी ‘तुम्ही कोणाचे?’ असं विचारतात. त्यामुळे माझ्यासमोरची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही. पणजोबा सापडला की लोक माझ्या डोक्यावर थाप मारायचे. एक म्हातारा पडद्यावरच्या नावाला हात लावून रडला होता. ग्रंथपाल ट्वायलाबाई रोज सकाळी पिवळ्या फडक्याने माझं भिंग पुसायच्या. फार लाड झाले माझे.

सगळ्यांत नेमाने यायच्या त्या अर्वेला वॉर्डलो. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, वेणी पांढरीशुभ्र. दिवा लावण्याआधी त्या माझ्यावर हात ठेवून डोळे मिटायच्या आणि चॉक्टॉ भाषेतलं प्रार्थनागीत हलकेच गुणगुणायच्या. देवळात पाऊल ठेवताना माणूस जसा थबकतो, तशा त्या माझ्यासमोर थबकायच्या.

त्यांच्या घराण्याचं स्मशान नदीपलीकडच्या टेकडीवर आहे. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळे आप्त तिथे जमतात, गवत काढतात, थडग्यांवर फुलं ठेवतात. मग घरातलं वडीलधारं माणूस मातीत निजलेल्या एकेकाचं नाव मोठ्याने वाचतं आणि त्याच्या रक्ताचं कोणी तरी उत्तर देतं, ‘‘आम्ही आहोत.’’ हे वाचन अर्वेलाबाईंकडे होतं. त्यांचा एक नियम होता. ऐकीव नाव त्या वाचत नसत. कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरच. ‘‘देवासमोर उभं राहून वाचायचं असतं ग,’’ असं त्या ट्वायलाबाईंना सांगायच्या. ‘‘तिथे अंदाज चालत नाही.’’

त्यांचं आवडतं रीळ मला पाठ झालं होतं. मिसिसिपीतली जमीन सोडायला लावून सरकारने या लोकांना इकडे हाकललं, त्या वेळच्या कुटुंबप्रमुखांची ती यादी. ऐन थंडीत चालत आलेल्या त्या माणसांत अर्वेलाबाईंचे खापरपणजोबा एबेनेझर वॉर्डलो होते. त्यांच्या नावाखाली बोट धरून त्या अभिमानाने ते नाव वाचायच्या. ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना होता. पण तळहात नेमका त्याच्यावर यायचा.

एका मे महिन्यात ट्वायलाबाईंनी हाक मारली, ‘‘वॉर्डलो बाई, तुमचं रीळ आलं.’’ आणि दोन बायका उठल्या.

दुसरी होती ओडेसा वॉर्डलो. काळी, साठीची, पायात नर्सचे बूट.

‘‘आमच्या घराण्यात ओडेसा कोणी नाही,’’ अर्वेलाबाई म्हणाल्या.

‘‘नसेल. आम्हाला तुमचं आडनाव मिळालं, जेवायचं आमंत्रण नाही मिळालं,’’ ओडेसा हसून म्हणाली.

काही सधन चॉक्टॉ घरांसारखे एबेनेझरांच्या घरीही काळे गुलाम होते, हे गावाला ठाऊक होतं. बोलत कोणी नसे. ओडेसा मात्र बोलायलाच आली होती. ओला मे नावाची तिची आई नव्वदीच्या घरात होती आणि डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा दिला नव्हता. स्मशानाच्या कुंपणाशी, देवदाराच्या झाडाखाली एक बिननावाचा दगड आहे. ओला मे लहान असताना तिच्या वडिलांनी, रूबेन यांनी, तिला तिथे नेऊन सांगितलं होतं, ही माझी आई, सिल्वी. ते नाव एकदा त्या टेकडीवर वाचलेलं ऐकायचं, एवढीच म्हातारीची इच्छा.

अर्वेलाबाईंनी आपला नियम सांगितला, आवाज न चढवता. कागद दाखवा, वाचते. नुसत्या आठवणीवर नाही वाचत.

रविवार जवळ आला होता. ओडेसा कामावरून सुटली की यायची आणि माझी मूठ फिरवत बसायची. तिचं रीळ वेगळं होतं. गुलामगिरी संपून बरीच वर्षं झाल्यावर सरकारी मंडळी या मुलखात तंबू ठोकून बसली आणि त्यांनी एकेका घराचं कार्ड केलं. चॉक्टॉ रक्ताच्या लोकांची यादी एक, त्यांच्याकडच्या सुटलेल्या गुलामांची आणि त्यांच्या मुलाबाळांची दुसरी. आई गुलाम असली की मूल त्या दुसऱ्या यादीत, मग बाप कोणीही असो. रूबेनचं कार्ड ओडेसाला मिळालं. पण तो गुलामगिरी संपल्यावर जन्मलेला, म्हणून मालकाचा रकाना कोरा होता. आईचं नाव कुठेच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ओडेसा कपाळाला हात लावून बसली होती. अर्वेलाबाई आपल्या पाळीची वाट पाहत मागे उभ्या होत्या. त्यांना राहवेना. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

‘‘आमच्या कार्डांवर आईबापांची नावं समोरच असतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या माणसांना काय आईबाप नव्हते? पुढे बघा.’’

‘‘पुढे दुसऱ्याचं कार्ड आहे. डोक्यावर नावसुद्धा नाही त्याच्या.’’

‘‘नाव नाही, तर ते दुसऱ्याचं कशावरून?’’

ओडेसाने मूठ फिरवली. मित्रांनो, कितीतरी जण तिथूनच परत फिरले होते. ते दुसऱ्याचं कार्ड नव्हतंच. त्याच कार्डाची ती मागची बाजू होती, वेगळा फोटो काढून पुढे लावलेली. मी सगळा उजेड तिच्यावर टाकला.

आईचं नाव सिल्वी. आईचा मालक एबेनेझर वॉर्डलो. आणि बापाच्या रकान्यात, टॉमस वॉर्डलो, चॉक्टॉ.

एबेनेझरांचा मुलगा टॉमस. अर्वेलाबाईंचे पणजोबा.

अर्वेलाबाईंनी त्या ओळी बोट धरून पुन्हा वाचल्या. मग ओडेसा म्हणाली, ‘‘पणजीचं नाव वाचा, बाई. रूबेनच्या बापाचं राहू द्या. आई ते कुणाकडे मागायला आलेली नाही. त्याने तिच्या आजीला तरी विचारलं होतं?’’

‘‘विचारलं नसणार,’’ अर्वेलाबाई म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. ‘‘म्हणूनच वाचायचं. कागदावर दिसलं ते मी वाचते, ओडेसा. अर्धं नाही वाचत.’’

मग त्यांनी आपलं आवडतं रीळ मागवलं. एबेनेझरांच्या ओळीवर आल्या आणि या वेळी तळहात उचलला. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर ‘गुलाम’ असा शब्द होता आणि खाली नुसता आकडा. एकही नाव नाही.

‘‘हेही चालत आले,’’ त्या पुटपुटल्या. ‘‘आमचं सामान घेऊन.’’

त्या दिवशी मला त्या माउलीचं फार मोठेपण वाटलं. सापडलेलं पाहायला धीर लागत नाही. आपणच झाकलेलं पाहायला लागतो.

टेकडीवर मी गेलो नाही. मला ट्वायलाबाईंकडून कळलं. सोमवारी भिंग पुसता पुसता त्या सांगत होत्या. अर्वेलाबाईंनी आधी चालत आलेल्यांची नावं घेतली आणि मग ज्यांची नावं कोणी लिहिली नाहीत त्यांच्यासाठी डोकं झुकवलं. टॉमसचं नाव आलं तेव्हा त्यांनी त्याच्या मुलांत रूबेनचं नाव घेतलं. गर्दीत कुजबुज झाली. एक भाचा म्हणाला, चारचौघांत हे कशाला, मावशी? त्यांनी मान वर केली नाही. टॉमससाठी उत्तर मागून त्या थांबल्या. भाचा बोलला, ‘‘आम्ही आहोत.’’ ओला मे चाकाच्या खुर्चीत ओठ मिटून बसून राहिली. अर्वेलाबाईंनी ते पाहिलं आणि मान हलवली, जणू तेही उत्तरच होतं.

मग त्यांनी वाचलं, ‘‘सिल्वी.’’

‘‘आम्ही आहोत,’’ म्हातारी म्हणाली. इतकं स्पष्ट, की देवदाराखाली गवत काढणाऱ्या मुलींनी वर पाहिलं.

नंतर जेवणं. मक्याच्या पानांत उकडलेला पिठाचा गोळा, म्हणजे बनाहा, आणि डुकराचं मांस घातलेली मक्याची पेज. तिथे पहिलं ताट सर्वांत मोठ्या माणसाला देतात, आणि कित्येक वर्षं ते अर्वेलाबाईंना मिळत होतं. त्या दिवशीही मिळालं. ते दोन्ही हातांत धरून त्या चाकाच्या खुर्चीपर्यंत चालत गेल्या. नातं त्यांनी मनात जुळवून ठेवलेलं होतं. ओला मे म्हणजे त्यांच्या वडिलांची चुलत बहीण.

‘‘आधी तुम्ही, आत्या,’’ त्या म्हणाल्या.

ओला मेने ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘‘मीठ कमी असेल तर सांगेन हां,’’ ती म्हणाली आणि ताट घेतलं.

मित्रांनो, आता मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत असतो. माझ्यावर चादर आहे, दिवा केव्हाच गेला. लोक संगणकावर शोधतात, ते बरंच आहे. त्यांचे डोळे दुखत नाहीत. माझं एवढंच मागणं आहे. जुन्या कागदांना जपा, ओल लागू देऊ नका. आणि पूर्वजांची ओळ वाचताना आपला हात कुठे टेकला आहे, तेवढं बघा.