चांगल्या शाळेचं गाव

माय मरो पण मावशी उरो, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं म्हणा. त्या उरलेल्या मावशीचं पुढे काय होतं, ते मात्र कुठलीच म्हण सांगत नाही.

या मावशीला सगळे धाकटी म्हणत. थोरली बहीण गेली तेव्हा थोरलीची मुलगी जेमतेम बोलायला लागली होती. वडील शहरात नकाशे काढायच्या कचेरीत. सकाळी उजाडायच्या आत निघायचे, परत येईपर्यंत पोर झोपलेली. पोरीचं करणार कोण, यावर नातेवाइकांची बरीच चर्चा झाली. धाकटी त्या चर्चेला थांबलीसुद्धा नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि आपल्या दोन खोल्यांत आणलं. पुढच्या खोलीत तिचं पडदे शिवायचं दुकान, मागच्या खोलीत संसार. पोर कापडाच्या ढिगात झोपायची, हुकांच्या डब्याशी खेळायची. एकदा तिने एक बटण गिळलं आणि तेव्हापासून तिचं नावच बटण पडलं. बटण उठलं का, बटण जेवलं का, बटणाने आज कोणाशी भांडण उकरून काढलं. वडील दर रविवारी यायचे, खाऊ आणायचे आणि संध्याकाळी जड पायांनी परत जायचे. वाईट माणूस नव्हता बिचारा.

बटणाला डाव्या कानाने ऐकू येत नसे. लहानपणच्या एका तापाने तेवढं नेलं. उजवा कान ठणठणीत. म्हणून धाकटी कायम तिच्या उजव्या हाताला चालायची. घरात काही अडत नव्हतं. चहूकडे कापडंच कापडं, त्यामुळे आवाज कसा मऊ होऊन यायचा, आणि बटणाच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू असायचा. शाळेत मात्र तीच पोरगी मुकी. चाळीस-पन्नास पोरांचा गलका, उघड्या भिंती, बाकांचा खडखडाट. त्यात तिला धड काही कळत नसे. पण अक्कल पायलीभर, त्यामुळे तिने एक युक्ती काढली होती. बाकीची हसली की आपणही हसायचं. कशाला हसलो ते मागाहून बघू. हे एकदा धाकटीला वर्गाच्या खिडकीतून दिसलं. त्या दिवशी तिच्या हातून एका गिऱ्हाइकाचा पडदा वीतभर आखूड कापला गेला, आणि गिऱ्हाईक बोललं ते तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

बटण अकरा वर्षांचं झालं आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं. लोकांचे धरलेले खांदे आणि आखडलेले गुडघे मोकळे करून देणारी बाई, दवाखान्यात नोकरीला. धाकटी मनातल्या मनात तिला नवी म्हणायची. नवीत काहीतरी खोट सापडेल म्हणून धाकटीने पुष्कळ शोधलं, अगदी भिंग लावून शोधलं. काही सापडेना. याचाच तिला जास्त राग आला.

"आता पोरीला आमच्याकडे न्यायचं म्हणतोय," भावजी म्हणाले. दुकानातल्या स्टुलावर बसून ते टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत होते. "शहरात घर परवडत नाही. पण रेल्वेच्या वाटेवर एखादं गाव बघू, मला रोज जाता-येता येईल असं. जिथे मोठ्या मुलांची शाळा चांगली, तिथे घर. शाळा गावातल्याच मुलांना घेतात, तेव्हा आधी शाळा ठरली पाहिजे. धाकटे, तिला तुझ्याइतकं कोणी ओळखत नाही. तू म्हणशील ते गाव. मी हूं की चूं करणार नाही."

आता आली का पंचाईत. चोराच्या हाती किल्ली द्यावी तसं झालं हे. कारण धाकटीच्या मनात लगेच आलं ते एवढंच, की बसने तीन थांब्यांवर एक गाव आहे. तिथेही शाळा आहे. तिथे घर झालं तर बटण रोज शाळा सुटल्यावर दुकानात येईल, हुकांचा डबा उपडा करेल, डोकं खाईल. पोर गेल्यासारखी वाटणारच नाही. धाकटीने तोंडाने मात्र एवढंच म्हटलं, "बघू या. आधी बघायला काय हरकत आहे."

मग दर रविवारी चौघं निघू लागली. पहिल्या गावातल्या शाळेला पोहायचा तलाव होता आणि ती दाखवणारा कारकून तलावाचंच कौतुक सांगत बसला. बटण म्हणालं, "इथे पोरं पाण्यातच शिकतात का?" गाव बाद. दुसरं होतं ते जवळचं, तीन थांब्यांवरचं. शाळा बंद होती, बाहेरून बघितली. "चांगली दिसते की," धाकटी म्हणाली, जरा घाईनेच. तिसरं गाव भावजींच्या कचेरीला सोयीचं, धाकटीच्या घरापासून मात्र लांब. गाडी, मग गाडी बदलून दुसरी गाडी, मग बस. येऊनजाऊन अख्खा दिवस मोडायचा. दुरून डोंगर साजरे असतात, असं म्हणतच धाकटी तिथे गेली. गेली तर डोंगर जवळूनही साजराच निघाला, काय करणार.

त्या शाळेने त्यांना कामाच्या दिवशी बोलावलं होतं. वर्गात वीसच मुलं, अर्धगोल करून बसवलेली. खुर्च्यांच्या पायांना खालून नमद्याचं जाड लोकरी कापड चिकटवलेलं, जमिनीवर सतरंजी, खिडक्यांना जाड अस्तराचे पडदे. धाकटीने सवयीने पडद्याची कड चिमटीत धरून बघितली. बटणाला त्यांनी एका खुर्चीवर बसवलं. ही तिघं मागे उभी राहिली. मास्तर फळ्यावर लिहीत होते, पाठ मुलांकडे, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटले, "हा खडू माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय, दर ओळीला कुरकुरतो."

बटण हसलं. सगळ्यांच्या आधी हसलं. मग बाकीची मुलं हसली.

इतक्या वर्षांत धाकटीने या पोरीला शाळेत कधी पहिलं हसताना बघितलं नव्हतं. तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी असं वाटलं की कोणीतरी आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं. दोन्ही एकदम झालं. तिने खिडकीकडे तोंड केलं.

नंतर मुख्याध्यापिका बाईंशी भेट होती. प्रत्येक मुलाशी त्या स्वतः बोलत आणि मूल स्वतःहून यायला राजी असेल तरच घेत. ओढून आणलेलं मूल आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बटणाला काय आवडतं ते विचारलं. बटण गप्प. घरी कोण कोण आहे ते विचारलं. अळीमिळी गुपचिळी. भावजींना घाम फुटला. "एरवी हिच्या तोंडाला तोंड देता येत नाही हो," ते म्हणाले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा या. तेव्हाही बोलली नाही तर मी जबरदस्ती करणार नाही."

परतीच्या गाडीत बटण धाकटीला खेटून बसलं आणि हळूच म्हणालं, "मी मुद्दामच बोलले नाही. आता ते मला घेणार नाहीत. मग जवळचंच गाव, आणि मी रोज तुझ्याकडे."

खरं सांगायचं तर धाकटी त्या वेळी मनातून सुखावली. देवच पावला म्हणायचा. आपण तर काही केलं नाही, पोरीनेच ठरवलं, आपल्या माथी काही नाही. दोन दिवस ती शिवता शिवता गुणगुणत होती.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद करून ती जवळच्या शाळेत गेली. शाळा चांगली आहे असं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, म्हणजे मनाची टोचणी थांबेल, एवढ्यासाठी. शिक्षिका गोड होत्या, त्यांनी मागे बसू दिलं. वर्ग भरगच्च, बाहेर रहदारीचा रस्ता, पंख्याची घरघर. शिक्षिका ओरडून ओरडून शिकवत होत्या, त्यांचा तरी काय दोष. मागच्या बाकावर एक जाड भिंगांचा चष्मा लावलेला मुलगा फळ्याकडे बघत बसला होता. त्याला फळा दिसत नव्हता हे उघड होतं. बाकीच्यांनी वह्यांत लिहिलं की तोही लिहायचा. काय लिहीत होता कोण जाणे. रेघाच ओढत असेल.

धाकटी उठली आणि बसची वाट न बघता चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका हॉटेलचा लांबलचक पडदा घडी करायचा होता. अशा घडीला दोघं लागतात. एक टोक धाकटीकडे, एक बटणाकडे. टोकं घेऊन जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे जायचं. पहिल्यांदा जवळ आल्यावर धाकटी म्हणाली, "बाईंशी नीट बोलायचं या वेळी. तिथेच जायचंय तुला."

"मी नाही जाणार."

"मागची खोली मला कामाला हवीये. अजून दोन मशीनं टाकायची आहेत."

"टाक की. मी खाली झोपेन, मशीनखाली."

"जागेचं नाही गं." धाकटीने टोक घट्ट धरलं. हे वाक्य तिने रात्रभर घोटून ठेवलं होतं. "मी दमले. नऊ वर्षं केलं, पुरे झालं. आता मला माझं बघू दे. रोज संध्याकाळी कोणी दारात यावं, असं मला नको आहे."

बटण तिच्याकडे बघत राहिलं. "मग इतकी वर्षं कशाला केलंस?"

"ताईसाठी केलं. बहीण होती माझी."

"माझ्यासाठी नाही?"

"तुझे वडील आहेत ना आता," धाकटी म्हणाली.

पोरगी आदळआपट करेल, रडेल, निदान पडदा तरी टाकेल, असं धाकटीला वाटलं होतं. तशी तिने तयारीही ठेवली होती. पण बटणाने घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा नीट लावला, पडदा फळीवर ठेवला आणि मागच्या खोलीत गेलं. धाकटी मशीनवर बसली आणि भराभरा पाय चालवू लागली. सुईत दोरा नव्हता. मशीनचा आवाज तेवढा हवा होता, म्हणजे मागच्या खोलीत जे चाललं असेल ते ऐकू येऊ नये.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बटण सांगितलेलं सगळं ऐकायचं. ताट घासून ठेवायचं. रस्त्याने चालताना गुपचूप फिरून धाकटीला डाव्या बाजूला घ्यायचं, म्हणजे ती काय बोलते ते ऐकायचा प्रश्नच नाही. धाकटीने एकदाही बाजू बदलली नाही. बोलायला तिच्याकडे होतं तरी काय.

ठरल्या दिवशी चौघं पुन्हा त्या लांबच्या शाळेत गेली. बाईंनी विचारायच्या आधीच बटण बोलायला लागलं. कोणते धडे आवडतात, कोणते मुळीच आवडत नाहीत, पडद्याची चूण कशी मोजतात, सगळं. बाई कौतुकाने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं बोलता येतं, मग मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मागच्या वेळी मला मावशीकडे राहायचं होतं," बटण म्हणालं. आवाज अगदी सरळ. "पण मावशीला आता मी नकोय. तिने माझं आईसाठी केलं होतं. म्हणून मला इथे यायचंय."

बाईंनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. "असं आहे का?"

बटणही बघत होतं. त्या बघण्यात अजून थोडी आशा होती. मावशी आता नाही म्हणेल, इतक्या लोकांसमोर तरी खोटं बोलणार नाही, एवढी. धाकटीला ती स्वच्छ दिसली.

"हो," ती म्हणाली.

बटणाने मान फिरवली. बाईंनी कागद पुढे ओढला आणि जागा देतो म्हणून सांगितलं.

बाहेर ओसरीत भावजींचा तोल गेला. मुलगी पुढे निघून गेली होती, तरी ते दबक्या आवाजातच बोलले. "पोरीच्या तोंडावर असं बोललीस? मी आजवर तुला देवासारखं मानलं. थोरली असती तर तिने तुझं तोंड बघितलं नसतं." धाकटी नळाकडे वळली. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांच्या पोटात ते फाटकापर्यंतसुद्धा राहिलं नसतं. ते तरातरा मुलीच्या मागे गेले.

नवी मात्र थांबली. धाकटी नळावर तोंड धूत होती, धूतच होती.

"ताई, हे खोटं आहे ना?" नवी म्हणाली.

धाकटीने नळ बंद केला. "ती माझी पोर आहे," ती म्हणाली. "मी जन्म दिला नाही एवढंच. तिच्याशिवाय त्या खोल्यांत मी काय करू, मला माहीत नाही. पण इथे तिला ऐकू येतं हो."

"मी आत्ता जाऊन सांगते तिला."

"नाही सांगायचं." धाकटीने तिचा दंड धरला. "आत्ता सांगितलंत तर ती धावत माझ्याकडे येईल. आणि मी तिला पुन्हा नाही लोटू शकणार. एकदाच जमलं ते मला."

"मग कधी सांगू?"

"तिला इथे मैत्रिणी होऊ देत. माझी आठवण काढायला तिला सवड मिळेनाशी होऊ दे. मग सांगा. तेव्हा ती ऐकून घेईल आणि इथेच राहील."

नवी रडायला लागली. धाकटीने पदराने तिचे डोळे घाईघाईने पुसले आणि तिला गप्प राहायला सांगितलं, कारण फाटकाशी बटण मागे वळून बघत होतं.