नानांची गाडी आणि ढकलणारी नानी

थंडी पडली की नानांच्या गाडीला धक्का मारणं हे गावातलं पहिलं काम. गाडी डिझेलची, जुनी, कुठल्याशा हापिसाच्या लिलावात घेतलेली. नाना ऐटीत स्टिअरिंगपाशी बसायचे, मागून पीठगिरणीवाला, शिंपी आणि नानांची बायको नानी ढकलायचे. उतारावर गाडी खोकत सुरू व्हायची, पांढरा धूर तिघांच्या तोंडावर सोडायची. मग नानीनं चिखलाच्या चपला सावरत पळायचं, मागचं दार उघडून आत उडी मारायची आणि दार आपटायचं. दार आपटल्याचा आवाज आला की नाना वेग वाढवायचे. मागं वळून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही. आतला आरसासुद्धा त्यांनी मिशी दिसेल असा फिरवून ठेवला होता.

नानी कधी कुरकुरली नसती, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. डावा तर पार गेल्यातच जमा होता. खुरपायला बसली की तणाबरोबर रोपंही उपटायची आणि शेजारणी गालात हसायच्या. ते हसणं तिला फार लागायचं. डोळ्यांचा डॉक्टर मोठ्या गावच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच यायचा. भल्या सकाळी नाव पुकारलं की माणूस हजर पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात या. लागोपाठ दोन महिने गाडीनं दगा दिला होता. दोन्ही वेळा ती गार पडलेल्या शेतात उभी राहून रडली होती.

आता गाडीचं दुखणं शोधायला अख्खा गाव लागला. शिंपी म्हणाला बॅटरी गेली, म्हणून नवी बॅटरी आली. गिरणीवाल्याच्या गिरणीला डिझेलचं इंजिन, त्यामुळं तो स्वतःला डॉक्टरच समजायचा. त्यानं फिल्टर बदलायला लावला. कुणी इंजिनावर गरम पाणी ओतलं, कुणी रात्रभर गोधडी पांघरायचा सल्ला दिला. नानांनी तेही केलं. गोधडी अर्थात नानीची होती. ती बिचारी चूल पेटवता पेटवता म्हणाली, "दुपारी एका चावीत सुरू होते. सकाळीच अडते. तिच्या आतच ऊब नसणार." पुरुषमंडळी तिच्याकडं बघून हसली आणि पुन्हा बॉनेटखाली वाकली.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तोही तेच म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. डिझेलच्या इंजिनाला पेटायला आत ऊब लागते आणि ती देणारे चार ग्लो प्लग असतात, असं त्यानं सांगितलं. बॅटरीच्या वायरीला बल्ब लावून तो एकेका प्लगच्या टोकाला टेकवला. प्लग धड असला तर बल्ब पेटणार. एकावरच पेटला, बाकी तिन्ही मेलेले. त्यानं चारही नवे बसवले आणि नानांना बजावलं, की चावी अर्धी फिरवा, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरा, मगच पुढं फिरवा. दम धरायचा म्हटल्यावर नानांचं तोंड कडू झालं.

डॉक्टरच्या दिवशी पहाटेपासून दव पडत होतं. नानी कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि सवयीनं गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. गिरणीवाला नि शिंपीही होतेच. शिंप्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, मागच्या सीटवर टाकली आणि दार आपटलं. नानांनी दिवा विझू दिला, चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली आणि नाना निघालेसुद्धा. मागं तीन माणसं हात पुढं करून तशीच उभी राहिली.

गिरणीवाला हाका मारत धावला, पण नानांना आज इंजिनापुढं काही ऐकू येत नव्हतं. हाही महिना गेला, असं म्हणून नानी बांधावरच बसली. तेवढ्यात दुधाची गाडी आली आणि शिंप्यानं आडवं जाऊन ती थांबवली, नानीला दूधवाल्याशेजारी बसवलं.

अर्ध्या वाटेत चहाच्या टपरीपाशी दूधवाला म्हणाला, "नानी, नाना इथंच आहेत. बॉनेट उघडून लोकांना प्लग दाखवताहेत. हॉर्न देऊ?"

"नको," नानी म्हणाली. "बोलू दे त्यांना. तू चल."

नाना दवाखान्यात पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. वाटभर ते मागच्या सीटला गाडीचं कौतुक सांगत होते. बायको गप्प आहे म्हणजे घाबरली असणार, असं समजून त्यांनी धीरही दिला होता. मोठ्या अदबीनं त्यांनी मागचं दार उघडलं, तर आत पिशवी. कुठल्या वळणावर पडली असेल, या भीतीनं ते अनवाणीच आत धावले.

नानी बाकावर बसली होती. डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटलेले. नाना तिच्यापुढं मटकन बसले आणि त्यांना रडूच फुटलं.

"तू गाडीत नव्हतीस? मी तर वाटभर बोलत होतो!"

"नव्हते. मग इतका वेळ बोललात कुणाशी?"

डॉक्टरांनी येऊन विचारलं, कुठला डोळा करायचा. नानी शांतपणे म्हणाली, "माझा डावा. पण त्याआधी यांचे दोन्ही बघा."

संध्याकाळी डोळ्यावर पट्टी बांधून ती बाहेर आली. नानांनी मागचं दार उघडलं, तर ती वळसा घालून पुढं जाऊन बसली. नानांनी निमूट चावी अर्धी फिरवली आणि दिव्याकडं बघत राहिले. तेवढ्या वेळात नानीनं हात वर करून आरसा मागच्या रस्त्याकडं फिरवला.

"मिशी घरी बघा," ती म्हणाली.

दिवा विझला तरी नाना थांबलेच होते. नानी चला म्हणाली, तेव्हा कुठं त्यांनी गाडी सुरू केली.