सोमवारचा पाऊस

“पावसाला वार कळतो का गं?” सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

खोलीतले सगळे हसले. पडद्यावर तिचा आलेख होता. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावरची बेचाळीस वर्षांची पावसाची नोंद, आणि त्यात शेवटच्या सोळा वर्षांत उंच होत गेलेले अतिवृष्टीचे खांब. हवामान बदलतंय हे सांगणारं तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या खांबांवरच उभं होतं. सरांनी सहज तारखा तपासायला लावल्या, तर सोळा वर्षांतल्या अकरा मोठ्या पावसांपैकी नऊ सोमवारी निघाले.

चार वर्षं ती या आकड्यांशी संसार करत होती. नवऱ्याची खोड शेजारणीने दाखवून द्यावी, तसं झालं.

“जाऊन बघून ये,” सर म्हणाले. “गडबड असेल तर ते केंद्र वगळ. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेत.”

वगळ म्हणणं सोपं होतं. बाकीच्या केंद्रांची नोंद पंधरा-वीस वर्षांपलीकडे जात नव्हती. पूर्वीचं काही हाताशीच नसेल, तर बदललं कशावरून म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये आईचा फोन आला.

“झालं का गं तुझं?”

“नाही आई.”

“पूर्वी असा कोसळायचा नाही, हे मी सांगते की. हवी तर सही देते.”

“तुझ्या सहीवर पदवी देत नाहीत.”

“देऊन बघायला काय जातं त्यांचं?”

तिने आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता; केंद्राच्या फाटकाशी पावसाची नोंद ठेवणारे काका उभे होते. आत टेबलावर पुसून ठेवलेल्या वह्यांची चळत होती. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत या वह्या बघायला कोणी आलं नव्हतं, त्यामुळे काकांनी आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिला ते बघून आणखीच कसंतरी झालं.

“काका, रविवारी कोण मोजतं?”

“कोणी नाही. माझी सुट्टी असते. आधी एक जण यायचा रविवारचा. सोळा वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला, जागा काही भरली नाही. सोमवारी आलो की दोन दिवसांचं साठलेलं मोजतो. थेंब सांडत नाही.”

“पण रविवारपुढे शून्य लिहिलंय तुम्ही.”

“पहिल्यांदा रिकामंच ठेवलं होतं. फॉर्म परत आला, रकाना भरा म्हणून. रेघ मारली, तरी परत. मग शून्य घातलं. तेव्हापासून कोणाची तक्रार नाही बघा.”

“बाजूला एक ओळ तरी लिहायचीत.”

“लिहायची कुठे? नव्या फॉर्मात शेऱ्याचा रकानाच काढून टाकलाय.”

आदल्या दिवशी कोरडं आणि दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलेलं, यावर तिने दीड पान लिहिलं होतं. ‘तीव्रतेतील आकस्मिकता’ असं त्याला नावही दिलं होतं. सरांना तेवढंच दीड पान आवडलं होतं. आता चिडायचं तर कोणावर? समोरचा माणूस तर इतकी वर्षं थेंबही न सांडता काम करत होता.

पंपघराच्या पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला. बेचाळीसही वर्षांचे रविवार-सोमवार एकत्र करून पाहिले. खांब खाली आले. अगदी जमिनीला नाही टेकले, थोडा चढ उरला. पण मानणाऱ्याला दिसेल आणि न मानणाऱ्याला हसू येईल, एवढाच.

तिने सरांना लिहिलं, ‘दोन-दोन दिवसांची बेरीज धरून सगळं नव्याने मांडते. सहा महिने द्या.’

उत्तर लगेच आलं. ‘वेळ नाही. वगळ.’

काका मागे येऊन उभे होते. “माझी चूक झाली का हो?”

“नाही काका.”

“मग धरणार ना आमचा पाऊस?”

“बघते.”

काका हसले. “ऑफिसातले साहेबही असंच म्हणतात. रविवारच्या माणसासाठी तीन अर्ज दिले, तिन्ही वेळा बघतो म्हणाले.”

काकांनी घड्याळ पाहिलं. साडेआठ झाले होते. ते अंगणातल्या पर्जन्यमापकाशी गेले, वरचं नरसाळं काढलं, आतली बाटली काढून पाणी काचेच्या नळकांड्यात ओतलं आणि हिला बोलावलं.

“या, आज तुम्ही वाचा.”

“चार पूर्णांक सहा,” ती उभ्यानेच म्हणाली.

“असं नाही. खाली बसा. डोळा पाण्याच्या रेषेत आणा.”

ती ओल्या मातीत गुडघा टेकून बसली. श्वास रोखून पाहिलं.

“चार पूर्णांक चार.”

“हां.”

काकांनी वहीत आकडा घातला, आणि शाई वाळेपर्यंत वही दोन्ही हातांवर उघडी धरून उभे राहिले.