शिवाची बहीण

भोईवाड्यातल्या त्या चाळीत नलूला तिच्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ती शिवाची आई होती. दूधवाल्यापासून मंदिरातल्या गुरवापर्यंत सगळे तिला तसंच म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

शिवा जन्मला तेव्हा रडला नाही. बऱ्याच वेळानं रडला, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं. नलूला त्यातलं एवढंच कळलं, की हा मुलगा चालणार नाही, त्याचे हातपाय लाकडासारखे ताठ राहतील, आणि घास भरवला तरच तो जेवेल. पुढे हळूहळू कळलं की त्याला समजतं सगळं. बोलता मात्र दोन-तीन शब्दांपलीकडे येत नाही.

दुसऱ्या मुलाचा विषय नलूनंच काढला. तिचा नवरा गुणाजी गिरणीत होता. साधा, घाबरट माणूस.

"आणि परत तसंच झालं तर?" तो म्हणाला.

"नाही होणार."

"एक निभत नाय आपल्याच्यान, तू दुसऱ्याचं काय घेऊन बसलीस."

"म्हणूनच तर पाहिजे. आपण काय जन्मभर पुरणार आहोत त्याला? आपल्यानंतर त्याला कोण?"

गुणाजी तयार झाला. अक्षता झाली. मुलगी झाली म्हणून नलूला बरंच वाटलं. मुलगा झाला असता तर त्याची बायको कशी येईल कोण जाणे. बहिणीला माया असते. मुलीचं लग्न होतं, ती परक्या घरी जाते, हे तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं. की आलं होतं आणि पुढचं पुढे बघू म्हणून तिनं ते बाजूला सारलं होतं, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चाळीतल्या पोरी गॅलरीत लंगडी घालायच्या त्या वयात अक्षताला शिवाची मान कशी धरायची ते ठाऊक झालं होतं. मान जरा पुढे झुकवली की घास नीट उतरतो, मागे गेली की ठसका लागतो. शाळा सुटली की ती तडक घरी यायची. सहलीचा कागद घरी आला तर स्वतःच म्हणायची, "मला नाही जायचं." नलू शेजारणींना कौतुकानं सांगायची, पोरगी गुणाची आहे, काही मागत नाही. पोरगी का मागत नाही, असा विचार तिच्या मनात कधी आला नाही. तिला वेळही नव्हता. शिवाला मोरीवर न्यायचं, धुवायचं, पुसायचं, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत उचलून न्यायचं. तो मोठा होत गेला, जड होत गेला, आणि नलू त्याला उचलत राहिली. गिरणी बंद पडल्यावर गुणाजी वॉचमन झाला, आणि एका थंडीत न्यूमोनियानं गेला. त्यानंतर उचलायला त्या दोघीच राहिल्या.

अक्षता शिकली. लोअर परळला एका विमा कंपनीत तिला नोकरी लागली. तिथंच तिला उन्मेष भेटला. दादरचा मुलगा, आई-वडील दोघंही बँकेतून रिटायर झालेले. तो घरी यायला लागला तेव्हा पहिल्यांदा शिवाजवळ बसला, मग नलूकडे वळला. मोबाईलवर क्रिकेट लावून तो शिवापुढे धरायचा आणि एखादा बाद झाला की शिवा घशातून असा काही आवाज काढून हसायचा, की खालचे लोक वर बघायचे. नलूला मुलगा आवडला. आणि आवडला म्हणूनच हा पोरीला घेऊन जाईल, अशी तिला धास्ती बसली.

एका रविवारी दुपारी उन्मेषची आई, मीनाक्षीबाई, त्याच्याबरोबर घर बघायला आली. नीटस, हळू बोलणारी बाई. तिनं शिवाच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा घेतला, गावाची चौकशी केली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "अक्षताच्या आई, एक विचारते, राग मानू नका. पुढे शिवाचं काय ठरवलंय तुम्ही?"

"ठरवायचं काय त्यात?" नलू म्हणाली. "अक्षता आहे की. त्याच्यासाठीच तर तिला जन्माला घातली."

हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की आपण काय बोललो हे तिला ऐकूही आलं नाही. नणंदेला म्हटलं होतं, डॉक्टरला म्हटलं होतं, नळावर म्हटलं होतं. मीनाक्षीबाईनं मात्र ते ऐकलं. तिनं अक्षताकडे बघितलं. अक्षता शिवाच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. तिनं मान वर केली नाही. उन्मेष जागचा उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ती माणसं गेल्यावर अक्षतानं कप विसळले. मग मोरीपाशीच उभी राहून म्हणाली, "दुसरीत होते मी, तेव्हा तू आत्याला हे सांगत होतीस. मी ऐकलेलं."

"काय?"

"हेच. शिवासाठी मला आणलं म्हणून. मला वाईट नव्हतं वाटलं तेव्हा. उलट छान वाटलं होतं, की आपण कामाचे आहोत. वर्गात बाकीच्या मुली उगाच जन्मल्यात, असं वाटायचं."

नलू म्हणाली, "मग आता काय झालं?"

"काही नाही," अक्षता म्हणाली, आणि हात पुसून कपडे वाळत घालायला गेली.

उन्मेषनं हात झटकले नाहीत. माटुंग्याच्या बाजूला एक संस्था त्यानं शोधून काढली, तिथं अशा मुलांना दिवसभर सांभाळत. सकाळी गाडी येते, संध्याकाळी सोडते. तो म्हणाला, आम्ही जवळच घर घेऊ, शिवा आलटून पालटून दोन्हीकडे राहील. अक्षता माहिती घेऊन आली, नलूला समजावायला बसली. नलूनं ऐकूनच घेतलं नाही.

"परक्या बायका त्याला धुणार? त्याला कोणी चिमटा काढला तर सांगता येणार आहे का त्याला? मी जिवंत असताना हे होणार नाही."

"आई, निदान बघून तर ये."

"तुला लग्न करायचंय ना? कर. जा. मी बघते त्याचं, मरेपर्यंत बघते. मग द्या त्याला कुठं टाकायचंय तिथं."

नलू रडली, त्या दिवशी जेवली नाही. आईला रडताना बघून शिवानंही घास तोंडात धरून ठेवला, गिळेना. अक्षतानं विषय सोडला. काही दिवसांनी तिनं सांगितलं की उन्मेषला मी नाही म्हणून कळवलंय. तिनं ते बाजारातनं आणायचं काही राहून गेलं अशा आवाजात सांगितलं.

नलूला हायसं वाटलं. मुलीचं मोडल्याचं दुःखही वाटलं, पण आधी हायसं वाटलं. त्या रविवारी तिनं कोलंबीचं सुकं केलं, अक्षताला आवडतं तसं, कोकम जास्त घालून. अक्षता जेवली. "चांगलं झालंय," म्हणाली. उन्मेषचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. त्याचं लग्न झाल्याचं नलूला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि तिनंही ते घरात काढलं नाही.

मग एके सकाळी शिवाला मोरीवरून उचलताना नलूच्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं आणि ती त्याच्यासकट खाली आली. शिवाच्या कपाळाला खोक पडली. शेजारची शेवंती धावत आली, तिनं माणसं गोळा केली. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, मणका सरकलाय, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. नलू पलंगावर पडून राहिली आणि अक्षता रजा घेऊन दोघांचंही करत राहिली. न कुरकुरता, न बोलता. औषध वेळेवर, जेवण वेळेवर, पाठीला शेक वेळेवर. नलूला कधीकधी वाटायचं, हिनं एकदा तरी आदळआपट करावी.

नलू उठून बसायला लागली तेव्हा अक्षता तिच्यासमोर येऊन बसली.

"माहीमला तळमजल्यावर खोली घेतलीय भाड्यानं. संडास-बाथरूम आत आहे. व्हीलचेअर थेट जाते. प्रिती म्हणून एक बाई मिळालीय, दिवसभर राहील त्याच्याजवळ. शिकलेली आहे या कामाचं."

"बरं केलंस," नलू म्हणाली. मनात ती सामान आवरायलाही लागली होती. "कधी जायचं?"

"मी आणि शिवा एक तारखेला जाऊ."

नलूला आधी कळलंच नाही. "आणि मी?"

"तू इथं राहा. शेवंतीकाकी आहे शेजारी. डबा लावते तुला."

"मला टाकून चाललीस?"

"टाकत नाहीये. रविवारी येत जा." अक्षता शांतपणे बोलत होती, जणू हे सगळं तिनं मनात पुष्कळदा बोलून पाहिलं होतं. "तुझ्यानंतर मीच बघायचं होतं ना त्याचं? मग आत्तापासूनच बघते."

"मी जिवंत आहे अजून, अक्षता."

"हो. पण तुला आता त्याला उचलता येत नाही. आणि तू तिथं असलीस की प्रितीला काही करू देणार नाहीस, मला माहितीय. रडशील. मग तोही जेवणार नाही."

"पोटात ठेवलाय मी त्याला. त्याला काय हवं ते मला कळतं."

"मलाही कळतं," अक्षता म्हणाली. "माझं शिवावर प्रेम आहे, आई. ते तू सांगितलंस म्हणून नाही. त्याला मी कधीच सोडणार नव्हते. उन्मेषशी लग्न करूनही सोडणार नव्हते. एवढं तुला कळायला हवं होतं."

नलूनं विचारलं नाही, की मग माझ्यावर? विचारलं असतं तर अक्षतानं खरं सांगितलं असतं, आणि ते ऐकायची तिची छाती नव्हती.

एक तारखेला चाळीतल्या पोरांनी शिवाला खुर्चीसकट खाली उतरवलं. त्याला गाडीत बसायला मिळतंय म्हणून तो हसत होता. गाडी गेल्यावर शेवंती नलूला हाताला धरून वर घेऊन आली आणि म्हणाली, "सुटलंस गो बाय. आयुष्यभर वझा उचललंस, आता जरा बस." नलूनं तिला घराबाहेर काढलं. दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पहिल्या रविवारी ती माहीमला गेली. खोली स्वच्छ होती, खिडकीतून ऊन येत होतं. शिवा नव्या शर्टात खुर्चीत बसला होता. कपाळावरची खोक भरून आली होती. आईला बघून तो हसला, "आ, आ," करून हात हलवला. नलूनं पिशवीतून खीर काढली, वाटीत ओतली. प्रिती पुढे होऊन म्हणाली, "मावशी, द्या इकडे, थोडी पातळ करून देते. पातळ असली की ठसका लागत नाही त्याला." नलूनं अक्षताकडे पाहिलं. अक्षता म्हणाली, "दे तिला." प्रितीनं त्याची मान पुढे झुकवली आणि चमच्यानं भरवलं. शिवानं सगळी खीर खाल्ली. एकदाही त्याला ठसका लागला नाही, एकदाही त्यानं आईकडे वळून पाहिलं नाही. टीव्हीवर मॅच चालू होती.

दुपार उतरायला लागली तसं नलूनं विचारलं, "मी राहू का इथं? कोपऱ्यात पडेन. काही लागत नाही मला."

अक्षतानं जरा विचार केला. "राहा ना," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा ओलावा होता. "खरंच राहा. पण त्याचं काही करायचं नाही. नुसतं राहायचं. जमेल?"

नलू पलंगाच्या कडेला बसून होती. समोर शिवाच्या हनुवटीवर लाळ आली, आणि तिचा हात पदराकडे गेला. प्रितीनं तोवर पुसलीही होती. नलूनं हात मांडीवर ठेवला. नुसतं म्हणजे कसं राहायचं, हे तिला आठवून आठवून आठवेना. शिवा झाला तेव्हा ती विशीत होती, त्याच्या आधी ती नुसती असेल बहुतेक. त्या मुलीचा चेहरासुद्धा तिच्या डोळ्यांपुढे येईना.

"नको," ती म्हणाली. "बस मिळणार नाही मग."

अक्षता तिला स्टॉपपर्यंत सोडायला आली. बसमध्ये चढताना तिनं आईच्या कोपराला आधार दिला, कमरेवर ताण येऊ नये अशा बेतानं, जसा कुणालाही द्यावा तसा.