भेटायला आलेली चंपाबाई

“तुमी बसा. मी थापतो भाकर,” म्हणत विशाखानं चंपाबाईच्या हाताखालची परात ओढून घेतली.

त्र्याहत्तर वर्षांची चंपाबाई पिठाचे हात झटकत पुन्हा खाटेवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात. तिला लेकीच्या घरी येऊन आठ दिवस झाले होते. बडदास्त म्हणाल तर उत्तम. अंघोळीला गरम पाणी, ताटात पहिली भाकर. एवढा मान जावयालाही मिळत नसेल. पण साधा कांदा कोणी चिरू देत नव्हतं. विहारात वंदनेला नेलं, तिथंही ‘आमच्याकडं पाहुण्या आल्या’ एवढीच ओळख. सख्ख्या आईला कोणी ‘तुमी’ म्हणतं का?

बहात्तरच्या दुष्काळात कालव्यावर मजूर न्यायला मुकादम आला, तेव्हा त्यानं अंगावरचं पोर घ्यायला साफ नकार दिला. चार महिन्यांत परत येऊ, म्हणून दहा महिन्यांची विशाखा सासूजवळ ठेवून चंपाबाई नवऱ्यासोबत गुजरातेत गेली. एक कालवा संपला की दुसरा. तिकडेच दोन मुलगे झाले. जाऊ जाऊ म्हणता वर्षं गेली, आणि मग कोणत्या तोंडानं जावं, हे आडवं आलं. लाज लोणच्यासारखी असते, जितकी जुनी तितकी मुरलेली.

यंदा नवरा गेला. मुलांनी कारखान्याच्या आवारात बिऱ्हाड हलवलं, तिथं म्हातारीला मुभा नव्हती. चंपाबाईनं भांडीकुंडी वाटून टाकली आणि लेकीला फोन लावला. ‘राह्याले येतो’ म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “भेटाले येतो.”

आज मात्र सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. भाकरी झाल्यावर ती चुलीजवळ गेली.

“विशाखा, तुले माहा राग येते का?”

विशाखानं तवा उतरवला. “आजी होती तवर यायचा. आता न्हाई येत.”

“मंग अशी काऊन वागतं?”

“सवय न्हाई तुमची,” विशाखा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आजीलेच आई म्हनलं मी. तुमाले म्हनाचं म्हनून लय करून पाह्यलं. न्हाई निंगत तोंडातून. काय करू?”

तिचं काहीच चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. ती भांडली असती तर चंपाबाईला निदान तिचे पाय धरता आले असते. रडणाऱ्या बाईला काय सांगणार, की मी कायमची आले आहे?

पदरानं डोळे पुसून विशाखानं विचारलं, “परतीची गाडी कवाची हाय?”

“उद्याची,” चंपाबाई बोलून गेली.

सकाळी विशाखाची मुलगी मयूरी ऑटो सांगून आली. आदिलाबादच्या स्टेशनापर्यंत तरी जाता येईल; पुढचं चंपाबाईलाही ठाऊक नव्हतं. तिनं पिशवी भरली.

तेवढ्यात विशाखा नवं लुगडं घेऊन आली. या घरात पाहुणी निघाली की घरची बाई आपल्या हातानं तिला लुगडं नेसवते. नुसती घडी हातात ठेवणं म्हणजे अपमान. आजीनंच घालून दिलेली रीत.

चंपाबाई दोन्ही हात जरा वर धरून उभी राहिली. विशाखानं कमरेला वेढा दिला, खाली मान घालून एकेक निरी घातली आणि खोचली. तिची बोटं चंपाबाईच्या पोटाला लागली. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवू लागला.

“बरं बसलं का?”

चंपाबाईनं खाली पाहिलं. निऱ्या अगदी सारख्या होत्या.

“न्हाई,” ती म्हणाली. “खालवर झालं. आखीन एक डाव घाल.”

विशाखानं निऱ्या सोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतल्या.